सगळ्यात खालचं गेट

धरणात किती पाणी झालं, हा प्रश्न बीड जिल्ह्यात जूनपासून दसऱ्यापर्यंत रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर टक्क्यांत येतं. माजलगाव अमुक टक्के, मांजरा तमुक टक्के, बिंदुसरेच्या सांडव्यावरून चादर सुरू झाली की नाही. पिण्याचं पाणी किती महिने पुरेल, रब्बीला किती पाळ्या मिळतील, उसाचं काय करायचं, हे सगळं त्या टक्क्यांवर ठरतं, तेव्हा विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण पाणी अडवण्याच्या कामात ज्यांचे हात भिजतात त्यांना टक्क्यांचा उपयोग फार कमी. त्यांना बघावं लागतं ते पाणी दाराला कुठवर टेकलंय एवढंच. मागे ते दोन किलोमीटर पसरलंय की वीस, याची भिंतीला खबर नसते. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते, परीक्षेत तिच्यावर गणित येतं आणि सुटतंही. बंधाऱ्यावर मात्र ती दर हंगामाला नव्याने पटवून घ्यावी लागते, कारण डोळ्यांना विस्तार दिसतो, खोली दिसत नाही. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या लहान बंधाऱ्यांचं पाणी तळातून जातं, त्यांच्या दुखण्याचं मूळही बहुतेक वेळा तळात असतं, आणि आपला पैसा, मजुरी नि लक्ष मात्र वरच्या काठावर खर्ची पडतं.

नियम साधा आहे. पाण्यात एक मीटर खाली गेलं की चौरस मीटरमागे एक टन दाब; म्हणजे पन्नास किलोच्या खताच्या वीस गोण्या. दोन मीटरला दोन टन, तीनला तीन. हा दाब खालीवर, आडवा, सगळीकडे सारखा असतो आणि समोर जो पृष्ठभाग येईल त्याला तो काटकोनात रेटतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पैठणच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो ते उगीच का? एवढ्या समुद्राचं ओझं भिंतीवर नाही तर कुणावर? ओझं जमिनीवर. जलाशयाचं वजन त्याच्या तळाची जमीन वाहते. भिंतीला जो लागतो तो तिला टेकलेल्या पाण्याचा रेटा, आणि तो ठरतो उंचीवरून. नेदरलँड्सच्या सायमन स्टेविनने १५८६ मध्ये हे नीट मांडलं. ज्या देशाची अर्धी चिंता समुद्र अडवण्याची, तिथल्या माणसाला हा हिशेब सुचावा यात नवल नाही: बांधापलीकडे अथांग समुद्र असो की हातभर रुंदीचा चर, पाण्याची उंची सारखी असेल तर बांधावरचा रेटा सारखाच. विस्तार अगदीच गैरलागू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भिंत फुटली की मग मागे किती पाणी आहे यावरच पूर किती वेळ आणि किती दूर जाणार हे ठरतं. पण ती फुटल्यानंतरची गोष्ट. फुटेल की नाही हे सांगायला विस्तार साक्षीला येत नाही.

बीड शहराजवळची खजाना विहीर साधारण त्याच काळातली, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या नावावर असलेली. सगळा खजिना तिच्यात खर्ची पडला म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. भुयारांतून पाणी विहिरीत येतं, भुयारातूनच बाहेर जातं आणि शेतापर्यंत पोचतं. ना मोट, ना पंप. विहिरीची पातळी हलत नाही याचं सगळ्यांना अप्रूप वाटतं, आणि पाहायला येणारे तिथे काहीतरी गूढ शोधतात. मला त्यातलं शहाणपण बाहेर जाणाऱ्या भुयाराच्या मुखात दिसतं. मुख ज्या उंचीला ठेवलं त्या उंचीला पाणी बांधलं गेलं. आवक वाढली की मुखाशी पाणी थोडं चढतं, जोराने निघून जातं आणि पुन्हा जागेवर येतं. आवक घटली की मंद वाहतं. सबंध विहिरीचा कारभार एका भोकाच्या उंचीने चालतो. ज्याने हे आखलं त्याने पाणी किती आहे हे मोजत बसण्याऐवजी ते कुठल्या पातळीला सुटेल हे ठरवलं. आपल्या बंधाऱ्यांवर नेमका हाच विचार उलटा झालाय.

कोल्हापुरी बंधारा बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण बहुतेकांनी तो पुलावरून पाहिलेला असतो. नदीच्या आडवे दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक उतरवायच्या फळ्या. कोल्हापूरकडे त्यांना बर्गे म्हणतात, नगरकडे ढापे. आमच्याकडे सरळ गेट. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधल्या जागेत माती ठासत. आता लोखंडी पत्र्याची गेट येतात, कडेला रबर. दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असं एक गेट धरू, म्हणजे पत्रा बरोबर एक चौरस मीटर भरतो आणि हिशेब तोंडी होतो. तीन मीटर पाणी अडवायचं तर एका गाळ्यात सहा गेट. सगळ्यात वरच्या गेटवर रेटा येतो २५० किलो. त्याखालच्यावर ७५०. मग १२५०, १७५०, २२५०, आणि सगळ्यात खालच्यावर २७५०. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा या पटीत. सहाही गेट एकाच मापाची, एकाच कारखान्यातली, एकाच रंगाची; पण खालचं वरच्याच्या अकरा पट सोसतं. गाळ्यावरचा एकूण रेटा नऊ टन, त्यातला अर्ध्याहून जास्त खालच्या दोन गेटांवर. एक ट्रक उसाने भरून आडवा लावल्यासारखं ते ओझं एका गाळ्याला टेकलेलं असतं, आणि नदीत असे वीस-वीस गाळे असतात.

आता हंगामाचा क्रम बघा. ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस परतला असं मानून, गेट बसवायला घेतात. पहिलं जाणार ते तळातलं. त्या वेळी नदी वाहती असते, पाणी गढूळ असतं, खाचेत पावसाळ्याचा गाळ, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. तळाच्या उंबऱ्यावर सुपारीएवढा खडा राहिला तरी गेट तिरकं बसतं आणि ते वरून कुणाला दिसत नाही. त्यावर दुसरं चढतं, तिसरं चढतं. जसजसं काम वर येतं तसतसं ते डोळ्यांसमोर येतं आणि नीट होतं. सगळ्यात वरचं गेट अगदी ओळंब्यात असतं. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात कमी भार ते सगळ्यात काळजीने बसवलेलं, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त भार ते अंधारात, वाहत्या पाण्यात, चाचपून. यात आणखी एक मेख आहे. मे अखेरीस गेट काढतात तेव्हा वरचं आधी निघतं आणि काठावरच्या ढिगात तळाशी जातं. खालचं शेवटी निघतं आणि ढिगावर सगळ्यात वर बसतं. ऑक्टोबरला ढिगावरचं आधी उचललं जातं. म्हणजे नीट रचून ठेवणाऱ्या, शिस्तीच्या बंधाऱ्यावर तेच ते गेट दर वर्षी पुन्हा तळाला जातं, त्याचंच रबर दर वर्षी चेमटतं, त्याचाच पत्रा पोटात वाकतो. अस्ताव्यस्त टाकणाऱ्यांकडे निदान योगायोगाने अदलाबदल होते! गेटांवर ऑइलपेंटने क्रमांक टाकावेत, तळाचं पुढच्या वर्षी वर न्यावं, इतका फुकटचा उपाय; पण साहित्याच्या नोंदवहीत 'गेट, नग इतके' एवढंच लिहायची पद्धत असते. नग मोजला की सगळे सारखेच.

फटीचा हिशेब तर अजून बोलका आहे. तीन मीटर पाण्याखाली, दोन मीटर लांबीची आणि पाच मिलिमीटर रुंदीची फट, म्हणजे करंगळीच्या निम्म्याने. खाली नदी कोरडी असेल तर पाणी तिथून सेकंदाला साडेसात मीटरहून जास्त वेगाने सुटतं. फटीत ते आकसतं हे धरूनही सेकंदाला ४५ लिटरच्या आसपास जातं. दिवसाला सुमारे ४० लाख लिटर. उन्हाळ्यात वाडीवस्तीवर येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर ४०० खेपा, रोज, एका गाळ्याच्या एका फटीतून. समजा बंधाऱ्यामागचं पाणी दोन किलोमीटर मागे जातं, पात्र ४० मीटर रुंद आहे, बंधाऱ्याशी तीन मीटर खोल आणि शेपटाला शून्य. हा साठा १२ कोटी लिटर. ती एकटी फट तो चाळीस दिवसांत संपवते; ऊन आणि जमीन जे पितात ते वेगळं. ऑक्टोबर मध्याला अडवलेलं पाणी नोव्हेंबरअखेर गेलं, म्हणजे ज्वारी पोटऱ्यात येण्याच्या आत. हीच फट वरून पहिल्या आणि दुसऱ्या गेटच्या सांध्यात असती तर? तिथला वेग निम्म्याहून कमी, आणि पाणी अर्धा मीटर उतरलं की ती फट कोरडी पडली. साठ्यातलं साधारण तीस टक्के गेलं, सत्तर टक्के जागच्या जागी. वरची गळती स्वतःहून थांबते, खालची शेवटचा थेंब जाईपर्यंत चालू राहते. तरी पुलावरून जाणाऱ्याला कारंजं दिसतं ते वरच्या सांध्याचं, तक्रार होते ती त्याची आणि चिंध्या नि माती कोंबली जाते तीही तिथेच. तळाच्या फटीचं पाणी खालच्या डोहात बुडबुड करत मिसळतं, त्याचा आवाजही धड येत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. खाली गेलेलं पाणी वाया कुठे जातं? खालच्या बंधाऱ्यात जातं, नदीत मुरतं, विहिरींना उतरतं. खरं आहे. मांजरेवर काय, सिंदफणेवर काय, बंधाऱ्यांची माळच आहे आणि वरच्याची गळती ही खालच्याची आवक असते. पण ती आवक खालच्याला केव्हा मिळते? तो आधीच भरलेला असतो तेव्हा. नोव्हेंबरात सगळे बंधारे एकदम भरलेले आणि सगळे एकदम गळणारे, म्हणजे माळेतून पाणी सरकत सरकत जिल्ह्याबाहेर जातं. मुरणं तर अडवलेल्या पाण्यालाही जमतं, उलट जास्त जमतं, कारण तिथे त्याला उंची आणि सवड दोन्ही असतात.

दुसरी गोष्ट वरच्या गेटची. चांगल्या पावसाच्या वर्षी मागणी येते: अजून एक गेट चढवा, निदान मातीची पोती रचा, अर्धा मीटर पाणी वाढेल. मागणी गैर नाही. खांब आणि खाचा तेवढ्या उंचीच्या असतील तर चढवावंही. पण त्या अर्ध्या मीटरची किंमत कोण देतं ते बघावं. नवं गेट स्वतः फक्त २५० किलो सोसतं. खालच्या सहाही गेटांवर मात्र ते प्रत्येकी ५०० किलो वाढवतं, म्हणजे ३००० किलो दुसऱ्यांच्या खांद्यावर. गाळ्याचा रेटा नऊ टनांवरून सव्वाबारावर जातो. आणि खांबाला पालथा करू पाहणारी शक्ती त्याहून वेगाने वाढते, कारण नुसता रेटाच वाढत नाही, तो जिथे लागतो ती जागाही वर सरकते. पाण्याचा एकवटलेला धक्का नेहमी तळापासून एक तृतीयांश उंचीवर बसतो. तीन मीटरऐवजी साडेतीन झाले की ही उलथवणारी शक्ती दीडपटीच्या पुढे जाते. पाणी वाढलं सहाव्या हिश्शाने, खांबाचं संकट निम्म्याहून जास्त. ज्यांनी मूळ बंधारा आखला त्यांनी काही राखीव जमेस धरलेली असते म्हणून खांब उभे राहतात. ती राखीव म्हणजे फुकटची जागा, असं समजून पोती रचली जातात.

सगळ्यात अवघड प्रश्न गेट काढण्याचा आहे आणि मराठवाड्यात तो दर काही वर्षांनी आ वासून उभा राहतो. आपला पाऊस सप्टेंबरात दांडगा होतो. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस मांजरा धरणाची दारं उघडावी लागली आणि खालची शेतं पाण्यात गेली. २०२५ च्या सप्टेंबरात जिल्ह्यातल्या बहुतेक नद्यांनी पात्र सोडलं. अशा वर्षांच्या भीतीने गेट उशिरा टाकली तर पाणी निघून गेलेलं असतं. लवकर टाकली आणि पाऊस परत फिरला तर ती निघत नाहीत. का निघत नाहीत याचं उत्तर त्याच २७५० किलोंत आहे. पाण्याने गेट खाचेच्या कडेला एवढ्या जोराने चेपून धरलेलं असतं. घर्षण त्याच्या निम्मं धरलं तरी ते उचलायला पावणेचौदाशे किलोंची ओढ लागते, गेटचं वजन वेगळं. चार माणसं, एक पहार आणि चेन कप्पी यांच्या हातचं ते काम नव्हे. वरचं गेट सव्वाशे किलोंत सुटतं, म्हणून वरून सुरुवात होते. पण पूर येत असताना वरचं काढलं तरी पातळी उतरत नाही, आणि माणसं उभी असतात त्या अरुंद खांबांवरून पाणी जायला लागतं. मग गेट तशीच राहतात. पुराने बंधारा पुरता बुडाला की दोन्हीकडची पातळी जवळ येते आणि गेटांवरचा रेटा उलट कमी होतो; मोडायचं ते तोवर वेगळ्या जागी मोडलेलं असतं. तुंबलेलं पाणी काठावरच्या काळ्या मातीला भिडतं, बंधाऱ्याच्या बाजूचा भराव कापतं आणि नदी बंधारा जागेवर ठेवून शेजारच्या शेतातून वाट काढते. पूर ओसरल्यावर बंधारा धडधाकट, आणि नदी त्याच्या बाजूला.

इथे कुणी म्हणेल, दुष्काळी जिल्ह्यात पाण्याच्या दाबाची चिंता म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचं औषध. मांजरा आटल्यामुळे लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तेच धरण भरलं हे किती जणांच्या लक्षात आहे? आमच्याकडची बांधकामं वर्षानुवर्षं कोरडी तडकतात आणि मग आठ-दहा दिवसांत पुरा भार घेतात. रबर उन्हाने वाळून चिरलेलं, पिन गंजलेली, काळ्या मातीच्या भरावाला भेगा गेलेल्या, आणि अशा अवस्थेत पाणी एकदम चढतं. जिथे पाणी बारमाही टेकलेलं असतं तिथे दोष हळूहळू कळतात आणि हळूहळू दुरुस्त होतात. आमच्याकडे परीक्षा अचानक येते. शिवाय पाणी कमी मिळतं म्हणूनच तळातलं शेवटचं मीटरभर पाणी मोलाचं, आणि तळातलं गेट धड नसेल तर नेमकं तेच हाती राहत नाही.

गेट चोरीला जातात, भंगारात विकली जातात, मग या हिशेबाला काय अर्थ, असंही म्हणतात. चोरी होते, नाकारत नाही. पण चोरीच्या चर्चेनेही संख्येचाच नाद वाढवला. शंभर गेट गेली, शंभर घेतली, प्रश्न मिटला असं वाटतं. सहापैकी एक गेट नसेल आणि उरलेली पाच तळापासून घट्ट बसली असतील तर अडीच मीटर पाणी टिकतं, म्हणजे मघाच्या साठ्याचे सत्तर टक्के. सहाच्या सहा असून तळातलं चेमटलेलं असेल तर दिवाळीनंतर महिन्याभरात खडखडाट. एक गेट कमी असलेला गाळा भरलेल्या गाळ्यापेक्षा सरस ठरतो, हे कागदावर दिसायला मात्र कुठलाच रकाना नाही.

मग कोल्हापुरी बंधारेच मोडीत काढा, बॅरेज करा, हा सध्याचा आवडता उपाय. लातूरकडे मांजरेवर नागझरी, साई इथे बॅरेज आहेत, गोदावरीवरही उच्च पातळीचे बंधारे झाले. मला त्यांचं कौतुक आहे, कारण त्यांनी घर्षणाचा प्रश्न ओळखला: दार खाचेत घासत न नेता चाकांवर चालवलं की भरल्या पाण्यातही ते उचलता येतं. जायकवाडीची २७ दारं त्याहून हुशार आहेत. साडेबारा मीटर रुंद आणि आठ मीटरच्या आसपास उंच अशा एका दारावर भरल्या पाण्याचा रेटा सुमारे ३९० टन येतो, तरी ते उचलायला त्याच्या किरकोळ हिश्शाची ताकद पुरते. दार कमानीसारखं गोल आहे. पाणी प्रत्येक बिंदूला काटकोनात रेटतं, त्यामुळे सगळे रेटे त्या गोलाच्या मध्याकडे, म्हणजे बिजागरीच्या खिळीकडे जातात. खीळ आणि खांब सगळं सोसतात, वरच्या दोरांना फक्त लोखंडाचं वजन उरतं. शत्रूचा जोर त्याच्याच नियमाने जिरवण्याचा इतका देखणा नमुना दुसरा नाही. पण यंत्र आलं की देखभाल आली, वीज आली, दोर नि साखळ्या आल्या. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या ३३ दारांपैकी १९ व्या दाराची साखळी तुटली आणि दार वाहून गेलं. भरलेलं धरण, खाली पिकं, आणि एका गाळ्यातून धो धो जाणारं पाणी. रेटा कमी करायला बाकीची दारं उघडून पाणी सोडावं लागलं, आणि शेवटी वाहत्या पाण्यातच पोलादी तुकडे क्रेनने एकावर एक उतरवून तो गाळा बंद केला. म्हणजे एवढ्या मोठ्या धरणालाही अखेर खाचेत टाकायच्या फळ्यांनीच तारलं. आमच्या बंधाऱ्याचाच तो थोरला भाऊ. बॅरेज झाला म्हणून तळाचा उंबरा आणि त्यावरचं रबर सुटत नाही. तेवढाच दाब, तेवढीच फट, तोच वेग.

मातीच्या धरणाची रीत निराळी, पण शहाणपण तेच. माजलगावचं सिंदफणेवरचं धरण १९८७ चं, मातीचं, तीस मीटरहून जास्त उंच. त्याचा पाण्याकडचा उतार पसरट ठेवलेला असतो, आणि रेटा उताराला काटकोनात लागत असल्याने त्याचा मोठा भाग धरणाला खाली दाबतो, जमिनीत रुतवतो. त्यामुळे अशा धरणाला ढकललं जाण्याचं भय थोडं, पोखरलं जाण्याचं जास्त. पाणी तळाच्या मातीतून वाट शोधतं आणि पलीकडे पायथ्याशी निघतं. ते निवळ असेल तोवर चालतं. गढूळ आलं की माती सोबत येतेय. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली, आणि नंतर खेकड्यांवर खापर फोडणारं विधान गाजलं. खेकडे बिळं करतात, मान्य. पण बिळाच्या एका टोकाला किती मीटर पाणी उभं आहे हा प्रश्न खेकड्याला विचारून काय उपयोग?

पाण्याचा रेटा नेहमी आतून बाहेरच येतो असंही नाही, आणि हे आपल्या शेतकऱ्याला कुठल्याही पुस्तकाआधी कळलेलं असतं. अतिवृष्टीनंतर विहिरी खचतात. भोवतीची माती चिंब झालेली, तिच्यातलं पाणी कड्याला बाहेरून आत ढकलतंय, आणि आतलं पाणी त्याला पेलून धरतंय. अशा वेळी गाळ काढायच्या घाईने दोन पंप लावून विहीर उपसली की आतला टेकू गेला, कडं कोसळलं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात हेच उलट्या रूपात दिसतं: तळं रिकामं आणि जमीन भिजलेली असेल तर कागद खालून फुगून वर येतो, मोठ्या पापडासारखा. दोन्हीकडे दाब काही कुणाचा वैरी नव्हता. एका बाजूचा काढून घेतला म्हणून दुसऱ्या बाजूचा अंगावर आला. जुनी माणसं पावसाळ्यात विहीर एकदम उपसू देत नाहीत, त्यामागे हाच हिशेब आहे, आकड्यांशिवायचा. बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र असं पिढ्यांनी मुरलेलं शहाणपण नाही, कारण बंधारा गावाने बांधला नाही, गावाला मिळाला.

म्हणून ऑक्टोबरातला पहिला दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी कुणाचाही फोटो निघत नाही. पूजा, नारळ, पाहुणे हे सगळं बंधारा भरल्यावर. खाच पहारेने खरवडायची, उंबऱ्यावर पायाच्या बोटांनी खडा चाचपायचा, गाळ खराट्याने लोटायचा, ढिगातलं सगळ्यात धड रबराचं गेट शोधून, चिमटीत दाबून बघून ते आधी सोडायचं, आणि ते टेकल्यावर दोन्ही टोकांना हात घालून पाणी सुटतंय का हे कातडीने तपासायचं. गुडघाभर पाण्यात तेव्हा हे तासाभराचं काम असतं. दुसरं गेट वर चढलं की त्या उंबऱ्यापर्यंत पुढचे सात महिने कुणाचाच हात पोचत नाही.